याजकाच्या छातीवरचे बारा खडे देवाचं उत्तर कसं देत होते?

घाटाखालचा (जळगाव जामोद)

राजेहो, एक प्रश्न बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिला. आमच्या इकडं भेंडवळचा घट असते, बहुतेकांना माहीत असेलच. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात गोल आखून अठरा धान्यं मांडतात. मधातल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्यानं भरलेली घागर, पापड, सांडई, कुरडई, विड्याचं पान आणि सुपारी. रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे महाराज येऊन पाहतात, कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, आणि मग वर्षाचं सांगतात. मी लहानपणापासून बाबांसोबत जातो. विश्वास आहे का असं विचारू नका. जातो.

आता मुद्दा. रद्दीच्या गठ्ठ्यात मराठी बायबल सापडलं आणि जुना करार वाचून राहिलो. निर्गमच्या २८व्या अध्यायात अहरोन याजकाच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या, कपड्यांचं वर्णन आहे. छातीवर चौकोनी, दुहेरी, वीतभर ऊरपट. त्यावर तीन-तीनच्या चार ओळींत बारा रत्नं, प्रत्येकावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव. झग्याच्या काठाला घुंगरं आणि डाळिंबं. शिंप्याला माप द्यावं इतकं बारीक लिहिलंय. आणि मग एकाच ओळीत, ऊरपटात 'उरीम व थुम्मीम' ठेव. ते काय आहे, किती मोठं, कशाचं, एक अक्षर नाही! पुढं गणना २७ मध्ये मोशेनंतरच्या यहोशवानं एलाजार याजकापुढं उभं राहायचं आणि याजकानं उरीमच्या द्वारे देवाला विचारायचं. म्हणजे आख्खी फौज त्या एका वस्तूच्या भरवशावर, आणि वस्तू काय ते गुलदस्त्यात.

कोणी ज्यू लोकांची परंपरा वाचली असेल तर सांगा. उत्तर नेमकं कसं मिळायचं? वाचायचं कोण? आणि ते खडे गेले कुठं?

तर्कट (अकोला)

भाऊ, दोन गोट्या होत्या. एक हो, एक नाही. १ शमुवेल १४ काढा. उपासाचा हुकूम मोडला कोणी ते शोधायला शौल राजा चिठ्ठ्या टाकतो. जुन्या ग्रीक भाषांतरात तर स्पष्ट आहे, दोष माझ्यात किंवा माझ्या पोरात असेल तर उरीम दे, लोकांत असेल तर थुम्मीम दे. विषय संपला. घट असो का खडे, माणूस त्याला पाहिजे तेच वाचते.

संत्रावाला (मोर्शी तालुका)

दंडवत प्रणाम.

तर्कटभाऊ, चिठ्ठ्यांचं म्हणणं हवेतलं नाही, बरेच अभ्यासक तेच मानतात. पण चिठ्ठीला दोनच तोंडं असतात. शौलाच्या शेवटच्या लढाईआधी तिसरंच झालं, उत्तरच आलं नाही. १ शमुवेल २८:६ पाहा. स्वप्न नाही, उरीम नाही, संदेष्टा नाही. आणि २ शमुवेल ५ मध्ये शौलानंतरचा राजा दावीद विचारतो तेव्हा उत्तर येतं की समोरून जाऊ नको, मागून वळसा घाल, तुतीच्या शेंड्यांत पावलांचा आवाज आला की निघ. एवढं सगळं दोन गोट्या कशा सांगतील? ज्यू परंपरेतल्या लोकांनाही हाच पेच पडला होता, म्हणून त्यांनी वेगळा विचार केला.

मी कोण हे सांगतो, नाहीतर म्हणाल की मोर्शीच्या माणसाला हे कुठून. एसटीत होतो, नोकरीची बरीच वर्षं अलिबागकडं गेली. शेजार बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तिकडं त्यांना जुने लोक शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. घरात मराठी, आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी. त्यांच्याकडं मलिद्याला बोलावणं असायचं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. त्या घरातल्या आजोबांनी मला तालमूद, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, काय असतो हे पहिल्यांदा सांगितलं. तिथून नाद लागला तो लागलाच. आता गावी संत्र्याची बाग आणि हा नाद, दोन्ही नुकसानीचे धंदे.

तर तालमूदात योमा नावाचा भाग आहे. त्यात ७३व्या पानावर चर्चा आहे की उत्तर कसं यायचं. एक पंडित रब्बी योहानान म्हणतो, रत्नांवर कोरलेल्या नावांतली अक्षरं वर उठून दिसायची. दुसरा, रेश लाकीश, म्हणतो की अक्षरं जुळून शब्द व्हायचा. लगेच तिसरा अडवतो. बारा वंशांच्या नावांत हिब्रूची सगळी अक्षरं येतच नाहीत, मग शब्द पुरा कसा व्हायचा? त्यावर उत्तर, अब्राहाम, इसहाक, याकोब यांचीही नावं कोरली होती. तरी एक अक्षर उरतं, म्हणून आणखी दोन शब्द होते. मला हे वाचायला फार आवडतं. हे लोक देवाच्या वाणीची गोष्ट बोलतायत आणि खिळे जुळवणाऱ्या छापखान्यातल्या माणसासारखी अक्षरं मोजतायत.

नियमही तिथंच आहेत. विचारणारा याजकाकडं तोंड करून उभा, याजकाचं तोंड शेखीनाकडं, म्हणजे देवाच्या सान्निध्याकडं. प्रश्न मोठ्यानं ओरडायचा नाही आणि नुसता मनातही ठेवायचा नाही, शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना जशी ओठ हलवून प्रार्थना करत होती तसा. एका वेळेला एकच प्रश्न. प्रश्न राजाचा, न्यायसभेचा नाहीतर सगळ्या समाजाच्या गरजेचा असेल तरच. माझ्या बैलाचं काय होईल, पोराचं लग्न कधी, असलं चालत नाही. आणि ज्या याजकावर पवित्र आत्मा नाही त्याच्याकडं विचारायचंच नाही, छातीवर रत्नं असली तरी.

हे शेवटचं महत्त्वाचं. वस्तू आपोआप बोलत नाही.

वस्तू म्हणजे काय होती यावर फ्रान्समधल्या राशीनं (१०४० ते ११०५) सांगितलं की देवाचं पूर्ण नाव लिहिलेला लेख, तो ऊरपटाच्या दुहेरी घडीत ठेवलेला. म्हणजे ऊरपट दुहेरी का, याचंही उत्तर मिळालं. अब्राहाम इब्न एझ्राचं मत वेगळं होतं, सोन्याचांदीचं ग्रहगणितासारखं काहीतरी. त्याला स्पेनमधल्या रांबाननं (११९४ ते १२७०) खोडून काढलं. हा रांबान गूढवादी परंपरेतला, कब्बालाचा माणूस. त्याचं म्हणणं असं की मोशेला नावांचे दोन संच गुप्तपणे दिले होते. उरीमच्या नावांनी अक्षरं उजळायची. पण उजळलेली अक्षरं बाराही रत्नांवर विखुरलेली. त्यांचा क्रम लावायचा कसा? तर थुम्मीमच्या नावांनी याजकाचं मन पूर्ण व्हायचं आणि त्याला ती बरोबर क्रमानं वाचता यायची. शास्ते पुस्तकाच्या सुरुवातीला कोणी आधी लढाईवर जावं असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, यहूदानं जावं. ती अक्षरं त्यानं कोणत्या नावातून कोणती आली हे मांडून दाखवलंय.

म्हणजे उजेड वेगळा आणि वाचन वेगळं. याच्यावरची एक गोष्ट विल्नाचा गाओन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडिताच्या (१७२० ते १७९७) नावावर सांगतात. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडत होती. म्हाताऱ्या एली याजकानं ऊरपटाकडं पाहिलं. चार अक्षरं उजळली होती. एका क्रमानं लावली तर होतं, दारू प्यालेली. दुसऱ्या क्रमानं लावली तर, सारेसारखी, म्हणजे जिला म्हातारपणी देवानं मूल दिलं ती. एलीनं पहिला क्रम लावला आणि बाईला झापलं. नंतर तिच्याच पोटी शमुवेल. तर्कटभाऊ, तुमचा 'माणूस पाहिजे तेच वाचते' हा मुद्दा त्यांच्याच गोष्टीत आहे, फक्त ते त्यावरून खडे खोटे ठरवत नाहीत, वाचणाऱ्याला धरतात.

आता शौलाला उत्तर का आलं नाही. थोडं मागं जा, २२व्या अध्यायात. शौल ज्याच्या जिवावर उठला होता त्या दावीदाला नोब गावच्या याजकांनी भाकर आणि तलवार दिली म्हणून शौलानं पंच्याऐंशी याजक मारून टाकले. एकटा अब्याथार निसटला आणि एफोद, म्हणजे ऊरपट ज्याला जोडलेला असतो ते याजकाचं वस्त्र, घेऊन दावीदाकडं पळाला. पुढं लढाई उभी राहिली, शौलाला उत्तर पाहिजे, पण विचारायचं कोणाच्या तोंडून? तो एन-दोरच्या बाईकडं जातो, मेलेल्या शमुवेलाला वर बोलावतो, आणि त्याला सांगतो की देव मला संदेष्ट्यांच्या द्वारे उत्तर देत नाही, स्वप्नांतून देत नाही. उरीमचं नाव घेतच नाही! सहाव्या वचनात तीन गोष्टी आहेत, पंधराव्यात दोनच. तालमूद (बराखोत १२) म्हणतो, लाजेपोटी. याजक मारणाऱ्या तोंडानं उरीमचं नाव कसं काढणार? एवढी एक गाळलेली गोष्ट त्यांनी हेरली. मी तो अध्याय वाचला तेव्हा ती माझ्या नजरेखालून सरळ निघून गेली असती.

इकडं दावीदाकडं एफोद आलेला. तो कईला गावात अडकतो आणि दोन प्रश्न एकदम विचारतो. गावातले लोक मला धरून देतील का? शौल इकडं येईल का? उत्तर एकाचंच येतं, येईल. दुसरा प्रश्न त्याला पुन्हा विचारावा लागतो. एका वेळेला एकच प्रश्न, हा नियम इथूनच काढलाय. उत्तर आल्यावर दावीद गाव सोडतो, आणि मग शौल येतच नाही. आता सांगा, 'येईल' हे उत्तर खोटं पडलं का? माझ्या मते नाही. तो तिथं राहिला असता तर काय झालं असतं हे त्याला कळलं आणि तो राहिला नाही.

गेले कुठं म्हणाल तर यरुशलेमचं पहिलं मंदिर इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या लोकांनी पाडलं. बंदिवासातून लोक परतले तेव्हा काही याजक घराण्यांना वंशावळीचे कागद सापडेनात, अगदी आपल्या जात पडताळणीसारखं प्रकरण. एज्रा २:६३ मध्ये निकाल आहे, उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये. तारीख पे तारीख. तो याजक उभा राहिलाच नाही. योमा २१ मध्ये यादी आहे की परतल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात पाच गोष्टी नव्हत्या: दयासन (झाकण) आणि करूब (पंखवाले दूत) यांच्यासह कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, स्वर्गीय अग्नी, शेखीना, पवित्र आत्मा, आणि उरीम व थुम्मीम. योसेफस हा इतिहासकार मात्र पहिल्या शतकाच्या शेवटी लिहितो की ऊरपटाची रत्नं लढाईआधी झळकायची आणि ते झळकणं तो लिहायच्या दोनशे वर्षं आधी थांबलं. त्याचा आणि तालमूदाचा हिशोब जुळत नाही, जुळवायच्या भानगडीत मी पडत नाही.

कोशाचं वेगळं. तो अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, बाभळीच्या जातीच्या लाकडाचा, आतून-बाहेरून सोन्यानं मढवलेला. त्यावरच्या दोन करूबांच्या मधल्या मोकळ्या जागेतून मोशेला आवाज यायचा, असं गणना ७:८९ सांगते. मूर्तीतून नाही, दोन मूर्तींच्या मधल्या रिकाम्या जागेतून. तालमूद म्हणतो की योशीया राजानं तो मंदिराखाली लपवून ठेवला. मिश्नात, म्हणजे तालमूदाच्या पोटातल्या जुन्या नियमसंग्रहात, गोष्ट आहे, लाकडं ठेवायच्या खोलीत काम करणाऱ्या एका याजकाला एक फरशी वेगळी दिसली. तो साथीदाराला सांगायला गेला आणि वाक्य पुरं व्हायच्या आधी मेला. मग सगळे समजले, इथंच आहे. आणि कोणी खोदलं नाही.

वणीची माय

संत्रावाले दादा, छान लिहिलं. एक भर घालते, कारण तुमच्या लेखात बायका म्हणजे एक रडणारी आणि एक भूत बोलावणारी एवढ्याच आल्या.

त्याच योशीया राजाच्या काळातली गोष्ट, २ राजे २२. मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया या मुख्य याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. राजा ऐकून कपडे फाडतो आणि सांगतो, जा, देवाला विचारा. आता पाहा, मंदिर उभं आहे, मुख्य याजक स्वतः त्या पंचमंडळीत आहे. ऊरपट त्याच्याच अंगावर असायचा. तरी हे सगळे बाप्ये उठून कुठं जातात? यरुशलेममध्ये राहणाऱ्या हुल्दा नावाच्या बाईकडं. कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाची बायको. ती राजाला 'तुम्हाला ज्या माणसानं पाठवलं त्याला सांगा' असं म्हणते. महाराज नाही, काही नाही. त्या माणसाला सांगा.

तालमूदातही विचारलंय की यिर्मया संदेष्टा हयात असताना हुल्दाकडं का गेले. एक उत्तर असं की बायका दयाळू असतात. तिचं भाकीत वाचलं तर दया कुठं दिसत नाही बाई. नगराचा नाश होणार म्हणून स्वच्छ सांगते.

घाटाखालचा (जळगाव जामोद)

वा! माय, हुल्दाचं आत्ताच काढून वाचलं. जबरदस्त.

काका, दोन शंका. एक म्हणजे खडे हरवले तर नवीन का नाही बनवले? माप तर लिहून ठेवलंच होतं. आमच्या गावात मारोतीचा मुखवटा चोरीला गेला होता, पुढच्या जत्रेच्या आत दुसरा आणला. आणि दुसरी, देवानं बोलणं बंद केलं म्हणून लोक चूप बसले का? कब्बालावाले तर देवदूतांशी बोलायचे म्हणतात.

संत्रावाला (मोर्शी तालुका)

बनवले होते. बाराव्या शतकातला मोठा पंडित रांबाम (वरचा रांबान वेगळा, एका अक्षराचा घोळ आहे, मलाही त्रास होतो) लिहितो की मुख्य याजकाची आठ वस्त्रं पुरी व्हावीत म्हणून दुसऱ्या मंदिरातही उरीम व थुम्मीम केले. पण त्यांना कोणी काही विचारलं नाही. पोशाखाला पाहिजे होते म्हणून होते. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. वस्तू पुन्हा करता आली, बोलणं पुन्हा करता आलं नाही, आणि आलं असं त्यांनी सांगितलंही नाही. याजकाच्या मनात आलं असतं तर रोज अक्षरं उजळली असती, पाहणारा तो एकटाच.

हे मला जवळचं वाटतं त्याला कारण आहे. आमचं घराणं महानुभाव पंथाचं, रिद्धपूर जवळ. आमच्याकडं देवाची मूर्ती नाही. स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक या चौघांना मान. चक्रधरस्वामी किंवा गोविंदप्रभू जिथं बसले ते स्थान, त्यांच्या स्पर्शाची वस्तू तो प्रसाद. माझ्या आजीकडं पेटीत कापडात गुंडाळलेला एक छोटा पाषाण होता, त्याला ती रोज नमस्कार करायची. पण कधी त्याला कौल मागितला नाही. हा खडा काही सांगतो का असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, स्वामींनी सांगायचं ते सांगून ठेवलंय, पोथी वाच.

ज्यूंचं काहीसं असंच झालं. वस्तू गेल्या, मान ग्रंथाकडं गेला. त्यांच्या तोराच्या, म्हणजे नियमशास्त्राच्या, गुंडाळीला उघड्या हातानं शिवत नाहीत, वाचताना चांदीच्या काठीनं ओळ दाखवतात. देवाचं नाव असलेला फाटका कागदही फेकत नाहीत, साठवून पुरतात. कैरोजवळच्या बेन एझ्रा सभास्थानात असा साठा शतकानुशतकं पडून होता. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टरनं त्यातला बराचसा केंब्रिजला नेला, लाखाच्या वर तुकडे. त्यात मलबार किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांची बाराव्या शतकातली पत्रंही निघाली. मिरी, लोखंड, उधारी.

दुसरी शंका. चूप नाही बसले. शेवटचे संदेष्टे हाग्गय, जखऱ्या, मलाखी गेल्यावर पवित्र आत्मा उठून गेला, पण 'बात कोल' उरली असं तालमूद सांगतो. आकाशवाणीच म्हणा, पण दुय्यम दर्जाची. आणि तिच्याशी कसे वागले हे तर्कटभाऊंनी ऐकावं. एका भट्टीवरून वाद झाला, ती शुद्ध की अशुद्ध. रब्बी एलिएझर एकटा एका बाजूला. तो म्हणाला माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून लांब जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाड पुरावा होत नाही. ओढा उलटा वाहिला. ओढाही पुरावा होत नाही. भिंती कलल्या. शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझरच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशवा उभा राहून म्हणाला, "ते आता स्वर्गात नाही." म्हणजे शास्त्र आम्हाला दिलंय, बहुमतानं ठरेल. आणि देव त्यावर हसला, माझ्या लेकरांनी मला हरवलं म्हणून. बावा मेत्सिया, पान ५९. हा किस्सा इथं संपत नाही, पुढं एलिएझरला बहिष्कृत करतात आणि ते प्रकरण फार दुःखाचं आहे. लोक नेहमी हसण्यापाशी थांबतात, पुढचंही वाचा.

कब्बालात जे देवदूतांशी बोलणं म्हणता, त्यात सगळ्यात नवलाचा माणूस योसेफ कारो (१४८८ ते १५७५). गालिलातल्या सफेद गावचा. ज्यूंच्या रोजच्या आचाराचा प्रमाण ग्रंथ शुल्हान आरूख त्याचाच, अगदी कायद्याचा कोरडा माणूस. त्याच्या तोंडून रात्री एक आवाज बोलायचा. त्याला 'मग्गीद' म्हणतात. आवाज म्हणायचा, मी मिश्ना आहे. म्हणजे तो ज्या ग्रंथाचं पाठांतर करायचा तोच ग्रंथ बोलायला लागला. एका शावुओत सणाच्या रात्री मित्रांसोबत जागरण चालू असताना तो बोलला, आणि सोबतच्या श्लोमो अल्काबेत्सनं ते पत्रात लिहून ठेवलंय. आवाज त्याला रागावायचा, जेवण जास्त झालं, वारुणी जास्त झाली म्हणून. एवढं सगळं असून शुल्हान आरूखमध्ये मात्र 'मग्गीदनं सांगितलं म्हणून' असा निकाल तो कुठं देत नाही. दिवसा कायदा, रात्री आवाज.

त्याच गावात त्याच काळात इसहाक लुरिया (१५३४ ते १५७२). त्याला एलिया संदेष्टा स्वतः येऊन शिकवायचा असं शिष्य सांगत. एलिया मेला नाही, अग्निरथातून वर गेला. म्हणून त्याची समाधी नाही. पण आपल्या कोकणात, अलिबागजवळ खंडाळ्याला, खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या म्हणून बेने इस्राएली दाखवतात. झाडांच्या नवीन वर्षाच्या सणाला ते एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणतात. उरूस शब्द त्यांना कोणाकडून मिळाला हे उघड आहे. मी त्या खडकावर गेलोय. खुणा आहेत. रथाच्या का, ते तुम्ही जाऊन ठरवा.

तर्कट (अकोला)

'झाड पुरावा होत नाही' हे छापून घरात लावतो. पण काका, मग आधीच्या खड्यांना हाच न्याय का नाही?

संत्रावाला (मोर्शी तालुका)

लावलाय की. नुसत्या रत्नांवर भिस्त नाही, याजक कोण ते आधी पाहा, हा तोच न्याय. बाकी तुम्ही अकोल्याचे, पूर्ण समाधान होणार नाही.

घाटाखालचा (जळगाव जामोद)

काका शेवटचं. समजा मी त्या काळी यरुशलेमला कास्तकार असतो. कपाशीला भाव काय निघते आणि पाऊस कधी येते, हे याजकाला विचारता आलं असतं का? 😄

संत्रावाला (मोर्शी तालुका)

भावाचं नाही. ते तुमचं एकट्याचं काम, दारातूनच परत पाठवलं असतं. पावसाचं सगळ्या समाजाचं, ते चाललं असतं. चाललंही होतं. दावीदाच्या राज्यात तीन वर्षं लागोपाठ दुष्काळ पडला, २ शमुवेल २१. त्यानं देवाला विचारलं, आणि तालमूद म्हणतो ते उरीम व थुम्मीमद्वारे. पण उत्तर पाहा काय आलं. पाऊस अमुक दिवशी येईल, असं नाही. शौलानं गिबोनी लोकांना मारलं, त्या रक्तामुळं दुष्काळ आहे. म्हणजे राजाला तारीख पाहिजे होती आणि हातात जुना गुन्हा पडला. मग दावीदानं त्याचं जे निवारण केलं ते वाचून अंगावर काटा येतो. शौलाची सात मुलं-नातू फासावर, आणि रिस्पा नावाची आई खडकावर गोणपाट टाकून मढ्यांवरची पाखरं हाकत बसते. माय, तुमच्या यादीत ही पण घ्या.

पहिल्या मंदिरानंतर पावसासाठी उपास. ताअनीत नावाचा अख्खा भाग त्यावरच आहे, पाऊस किती लांबला की किती आणि कसे उपास, सगळं ठरवून दिलेलं. त्यातच होनीची गोष्ट आहे. पाऊस येईना म्हणून लोक त्याच्याकडं गेले. त्यानं जमिनीवर गोल आखला, आत उभा राहिला आणि देवाला म्हणाला, तुझ्या लेकरांवर दया करीपर्यंत इथून हलत नाही. भुरभुर आली. म्हणाला, हा नको, विहिरी भरणारा दे. धो धो आला. म्हणाला, हाही नको, बेताचा दे. मग बेताचा आला, आणि इतका वेळ आला की लोकांना यरुशलेममधून मंदिराच्या टेकडीवर चढून बसावं लागलं. ते म्हणाले, आता थांबवायला सांग.

घाटाखालचा (जळगाव जामोद)

हा तर आमच्याकडचाच वाटते! मराठी बायबलात कोणत्या अध्यायात आहे?

संत्रावाला (मोर्शी तालुका)

बायबलात नाही, मिश्ना आणि तालमूदात आहे. मराठीत मी पाहिलेला नाही, हिंदी-इंग्रजीवर भागवा. आणि लगेच त्याच्या नादी लागू नका. त्या वेळच्या धर्मसभेचा मोठा माणूस शिमोन बेन शेताह यानं त्याला निरोप पाठवला होता, तू होनी नसतास तर तुला बहिष्कृत केलं असतं. पण काय करू, तू देवापुढं लाडावलेल्या पोरासारखा हट्ट करतोस आणि तो तुझं ऐकतो.